पारूचं दाणापाणी

पारू टेम्पोतून उतरली त्या संध्याकाळी अर्ध्या तासात तिच्यापुढे गुळाचे खडे आले, भिजवलेले हरभरे आले, शिळ्या भाकरीचा काला आला. शेजारच्या तात्यांनी गोठ्यातून गुरांच्या गोळीपेंडीची अख्खी पाटी उचलून आणली. एका पोराने तर कुरकुऱ्यांचं पाकीट फोडून तिच्या नाकाखाली धरलं. घोड्याच्या मुखी घास घातला की पुण्य लागतं अशी आमच्या पुरंदरात समजूत आहे. जेजुरी हाकेच्या अंतरावर आणि देव घोड्यावर बसलेला, त्यामुळे पुण्याचा हिशोब इथे सगळ्यांना पाठ. पारूने कशालाही तोंड लावलं नाही. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, दोन्ही कान कुंपणापलीकडे रोखलेले. मधूनच अंगभर शहारा यायचा आणि ती लांबलचक खिंकाळायची. खिंकाळून झालं की गप्प होऊन ऐकत राहायची. उत्तर येत नव्हतं.

मंडळी हिरमुसली. "ताई, घोडी आजारी दिली का हो तुम्हाला?" असं एकाने विचारलंसुद्धा. आजारी नव्हती. आपल्याकडे पाहुणा आला की पानात वाढत राहायचं आणि तो पुरे म्हणाला की अजून एक वाढायचं, ही रीत आपण जनावरांनाही लावतो. माणूस आग्रहाखातर जास्तीची पुरणपोळी खाऊन रात्री सोडा घेऊन झोपतो. घोड्याला ती सोय नाही. त्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं फक्त पुढेच जाऊ शकतं. शिवाय जठर अंगाच्या मानाने लहान, मोठ्या घोड्याचंही जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यामुळे नव्या जागी घाबरून उभ्या असलेल्या तट्टाला पहिल्या संध्याकाळी खुराक घालणं हा लाड नव्हे. मी सगळ्यांचे हरभरे गोळा करून घरात नेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची उसळ केली.

पारू कुठून आली ते आधी सांगायला हवं, कारण तिच्या खाण्यापिण्याचं सगळं कोडं तिथेच आहे. दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी कुटुंबं, मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा देशावर येतात. पुरुष मेंढरं चारत रानातून जातात आणि बायका बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या वाटेने पुढचा तळ गाठतात. ते बिऱ्हाड असतं तट्टांच्या पाठीवर. भांडी, वाकळा, पिठामिठाच्या पिशव्या, मेंढरं कोंडायची वाघर, कोंबड्यांचं डालगं, चालता न येणारं एखादं कोकरू, आणि हल्ली या सगळ्यावर उन्हाकडे तोंड करून बांधलेलं सौर दिव्याचं पॅनेल. मोबाइल त्याच्यावर चार्ज होतो. ही तट्टं म्हणजे भीमथडी. उंची माझ्या खांद्यापर्यंत, पाय काटक, खूर दगडासारखे. मराठी फौजांनी ज्यांच्या जिवावर उत्तर हिंदुस्थान पालथा घातला ती हीच, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडच्या वर्षांत त्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदही केली. यमुनेचं पाणी प्यायलेल्या तट्टांच्या या वारसदारणीने आमच्या बोअरच्या पाण्यात मात्र नाक बुडवायलाही नकार दिला, हा विनोद आमच्या घरी बरेच दिवस चालला.

तर कोकणातून परतणाऱ्या अशाच एका वाड्याकडून मी पारू घेतली. आमची अंजीर-सीताफळाची बाग टेकाडावर आहे. वरच्या टप्प्यांवर गाडी जात नाही, आणि शेणखताच्या पाट्या डोक्यावर वाहायला आता माणूसही मिळत नाही. व्यवहार ठरल्यावर आधी जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि आढळला तर सरकारला कळवावा लागतो, म्हणून तो अहवाल हातात आल्याशिवाय घोडं दारात आणायचं नाही यावर ते ठाम होते. मलाही ते पटलं. वाड्याच्या कारभाऱ्यांना पटलं नाही, पण त्यांनी रक्त काढू दिलं.

आता विचार करा. या घोडीने जन्मापासून एकही रात्र एकटीने काढलेली नाही. तिच्या आजूबाजूला कायम शे-दोनशे मेंढरांची खुडबुड, तीन-चार कुत्री, आणखी दोन-तीन तट्टं आणि चुलीचा धूर. जागा रोज बदलायची, पण सोबत तीच असायची. आपल्याला वाटतं, रोज मुक्काम हलवणारं जनावर, त्याला नव्या जागेचं काय वावडं? नव्या जागेचं तिला काही वाटत नव्हतंच. तिला आयुष्यात पहिल्यांदा जुनी माणसं आणि जुनी जनावरं यांच्याशिवाय उभं राहावं लागत होतं. घोडा हा कळपाचा प्राणी. खाली मान घालून चरायचं तर पहाऱ्याला दुसरं कोणीतरी जागं पाहिजे. पहारा नसेल तर तो स्वतःच पहारा देतो, आणि पहाऱ्यावरचं जनावर ना खातं ना पितं.

त्यामुळे आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे गर्दी पांगवली. दुसरं पाण्याचं.

दाण्यापेक्षा पाण्याची काळजी मोठी, हे डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलं. साधा हिशोब असा की शंभर किलो वजनाला दिवसाला पाचेक लिटर. पारूचं वजन दोनशेच्या थोडं वर धरलं तर दहा-बारा लिटर, आणि ज्येष्ठातला उकाडा असेल तर त्याहून बरंच जास्त. त्यात चारा कोणता यावर खूप अवलंबून असतं. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा पाणीच असतं, त्यामुळे कोकणातल्या ओल्या बांधांवर चरणारं तट्टू कमी पाणी पिऊनही ठणठणीत राहतं. तेच तट्टू देशावर आणून कोरड्या कडब्यावर उभं केलं की जवळजवळ सगळं पाणी तोंडाने प्यावं लागतं. नाही प्यायलं तर कोरडा चारा मोठ्या आतड्याच्या वळणावर घट्ट बसतो. मग पोटशूळ. घोडं पुढच्या पायाने जमीन उकरायला लागतं, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतं, लोळण घेतं. घोडेवाल्यांना या एका दुखण्याची जेवढी धास्ती असते तेवढी दुसऱ्या कशाची नसते.

आमचं बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो. ते पाणी आम्ही निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा अर्धा भाग कापून त्यात भरून ठेवलं होतं. पिंप स्वच्छ घासलेलं, पाणी गार, सावलीत ठेवलेलं. पारू जवळ गेली, वरचा ओठ लांब करून काठाला टेकवला, जोरात फुरफुरली आणि मागे सरली. घोड्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं, फक्त अगदी शेपटीमागचं आणि थेट नाकाखालचं दिसत नाही. नाकाखालचं जग तो ओठांवरच्या राठ मिशांनी आणि वासाने ओळखतो. खोल पिंपात तोंड घालायचं म्हणजे डोळ्यांसमोर निळी भिंत येते, आजूबाजूचं काही दिसत नाही, आणि नाकात क्षाराचा आणि प्लॅस्टिकचा वास. एरवी तहानेने तिने ते सोसलंही असतं, पण पहाऱ्यावर असताना कसं सोसणार?

रात्री कारभारणीला फोन लावला. वाडा तोवर पुढच्या मुक्कामाला गेला होता. मागे मेंढरांचा आवाज, कोणीतरी कुत्र्याला हाड्‌हाड् करत होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आव ताई, पिपात नगा देऊ. घमेल्यात द्या, भुईवर ठिवा. हिरीचं पानी असंल तर हिरीचं द्या, नसंल तर तुमचंच द्या पर वरनं मूठभर कोंडा टाका. आन् तुम्ही तितं हुबं ऱ्हाऊ नगा." शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरात सांगितलं.

तात्यांच्या विहिरीत अजून पाणी होतं. दोन कळश्या आणल्या. खत वाहायचं जुनं लोखंडी घमेलं राखेने घासलं, जमिनीवर ठेवलं, गव्हाच्या कोंड्याची मूठ वर भुरभुरली आणि मी गोठ्याच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. बराच वेळ नुसता माशा हाकलण्याचा आवाज. मग ती आली. घोडं पाणी पिताना मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. गाय पिते तसा आवाज नाही, लपलप नाही. ओठ जेमतेम बोटभर फाकवून पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटवायचे आणि आत ओढायचं. मानेखालच्या नळीवरून घोट वर चढताना दिसतो, आणि प्रत्येक घोटाला कान मागेपुढे हलतात. त्यामुळे ती खरंच पिते आहे की नुसते ओठ ओले करते आहे हे लांबूनही कळतं, कान मोजले की झालं. ओठ ओले करून मागे फिरलेल्या घोड्याला बघून 'प्यायला बुवा' असं समजणारे बरेच असतात.

तिने घमेलं निम्मं केलं, डोकं वर काढलं, तोंडातून कोंड्याचं पाणी ठिबकत असताना पुन्हा एकदा कुंपणाकडे बघितलं, आणि परत खाली वाकली.

पुढे विहिरीच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळायला सुरुवात केली. आधी चौथा हिस्सा, मग अर्धं, असं करत करत पूर्ण बोअरवर आणलं. लांबचा प्रवास करणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत जाणकार लोक निघण्याआधीच घरच्या पाण्यात गुळाची चव द्यायला लागतात आणि नव्या ठिकाणीही तोच गूळ घालतात, म्हणजे पाणी बदललं तरी चव ओळखीची राहते. युक्ती चांगली आहे, पण त्यातली अट लोक विसरतात. गुळाच्या पाण्याशेजारी साधं पाणीही ठेवायचंच. नाहीतर गूळ नसेल तेव्हा घोडं रुसून बसतं आणि गुळाने मुंग्या येतात त्या वेगळ्याच. आम्ही खडेमिठाचा एक ढेकूळ चाटायला टांगून दिला. मीठ चाटलं की तहान लागते, आणि तहान लागली की घोडीचे नखरे कमी होतात.

चाऱ्याच्या बाबतीत मी अगदी कंजूष झाले. घरात लसूणघास होता, हिरवागार, शेजाऱ्यांच्या म्हशी ज्याच्यासाठी दावं तोडतात तसा. तो तिला पहिल्या आठवड्यात दाखवलासुद्धा नाही. घोड्याचं खरं पोट मागच्या बाजूला असतं. गायीसारखं रवंथ करायला चार कप्पे नाहीत. चाऱ्यातला राठ भाग मोठ्या आतड्यात आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या भल्यामोठ्या पिशवीत जाऊन कुजतो, आणि हे कुजवण्याचं काम जिवाणू करतात. ज्या चाऱ्याची सवय त्या चाऱ्याचे जिवाणू. पारूच्या पोटात बांधावरचं वाळकं गवत, हरळी, बाभळीच्या शेंगा आणि मिळेल तो पाला पचवणारी फौज होती. एकदम लसूणघास किंवा दाणा ओतला तर ती फौज मरते, दुसरी माजते, आतड्यात आंबट होतं, आणि त्याचं विष थेट खुरांपर्यंत पोहोचतं. खुराच्या आतला मऊ थर सुजतो, घोडं काट्यावर चालल्यासारखं पाय टाकतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. भीमथडीसारख्या काटक, थोडक्यात भागवणाऱ्या तट्टांना त्याचा धोका जास्त, कारण त्यांचं अंग उपाशीपणासाठी घडलेलं असतं, मेजवानीसाठी नाही. म्हणून बदल करायचा तो दहा-पंधरा दिवसांत, मुठीमुठीने.

आम्ही कारभाऱ्यांकडून येतानाच दोन गोण्या वाळकं गवत मागून आणलं होतं. त्यांना हसू आलं होतं. "घोडी इकत घेतली का गवात?" असं ते म्हणाले होते. ते गवत सोन्याच्या मोलाचं ठरलं. त्यात आमच्या कडब्याचे बारीक तुकडे मिसळत गेलो. दिवसाला कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तिला साडेतीन-चार किलो पुरतो, आणि तो दोन वेळा ढीग टाकून देण्याऐवजी थोडा थोडा, दिवसभर. मोकळा घोडा दिवसरात्रीतले पंधरा-सोळा तास चरतच असतो. तोंड चालू राहिलं की लाळ सुटत राहते, लाळेने जठरातलं आम्ल शांत राहतं, आणि तोंड चालू राहिलं की मनही थोडं ठिकाणावर येतं, असं माझं निरीक्षण आहे.

यात सासूबाईंनी नकळत मोठी कामगिरी केली. त्या दुपारी गोठ्याच्या ओसरीवर सूप घेऊन गहू निवडायला बसतात. पारूकडे त्यांचं लक्षच नसायचं. आम्ही बाकीचे सगळे तिच्याकडे टक लावून बघायचो, खाते का, खात नाही का. समोरून रोखून बघणारे दोन डोळे हे घोड्याच्या जगात वाघाचे असतात. सासूबाईंची पाठ तिच्याकडे, सुपाचा एका लयीत आवाज, मधूनच भजनाची एखादी ओळ. पारूने दिवसाउजेडी पहिला पोटभर चारा खाल्ला तो त्या पाठीमागे. मग मीही तेच धोरण धरलं. मोबाइल घरात ठेवायचा, पाठ करून बसायचं आणि शेंगा सोलायच्या.

डॉक्टर येऊन बघून गेले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले, गायी-म्हशींत हयात गेलेली, पण घोड्यांबद्दल त्यांना मनापासून प्रेम. त्यांनी मला चार गोष्टी शिकवल्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती पटकन सपाट झाली पाहिजे. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. अंगाचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस सेल्सिअसच्या दरम्यान. आणि कुशीला कान लावून ऐकायचं, दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली. आतून गुरगुर, खळखळ, मधूनच लांबच्या गडगडाटासारखं काहीतरी ऐकू आलं पाहिजे. शांत पोट वाईट. मला या शेवटच्या तपासणीचं व्यसनच लागलं. पारूला सुरुवातीला ते विचित्र वाटलं असावं, पण घामाचा आणि गवताचा तो कोमट वास नाकात घेत कुशीला कान लावून उभं राहिलं की ती हळूच एक मागचा पाय सैल सोडायची.

दात बघायचेही ते विसरले नाहीत. घोड्याची वरची दाढ खालच्यापेक्षा थोडी बाहेर असते, त्यामुळे चावून चावून कडांना धार येते आणि गाल कापले जातात. अशी घोडी भूक असून खात नाही, किंवा खाता खाता अर्धवट चघळलेले गवताचे बोळे खाली टाकते. गव्हाणीखाली असे बोळे दिसले तर चारा बदलून काही होत नाही, दाढा कानशीने घासाव्या लागतात. पारूच्या दाढा ठीक होत्या.

पण जाता जाता त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. मोठ्या घोड्याने एखादा दिवस कमी खाल्लं तर धीर धरता येतो. तट्टू आणि गाढव यांच्या बाबतीत तसं नाही. हे प्राणी अंगात चरबी साठवण्यात पटाईत. खाणं बंद झालं, त्यात मनावर ताण असला, की शरीर ती चरबी इतक्या सपाट्याने रक्तात सोडतं की यकृताला आवरत नाही. रक्त काढून नळीत ठेवलं तर वरचा द्रव दुधासारखा गढूळ दिसतो. चरबी वाढली की भूक आणखी मरते, भूक मेली की चरबी आणखी सुटते. जाड तट्टू आणि पोटुशी किंवा अंगावर पाजणारी घोडी यांना सगळ्यात जास्त धोका. "त्यामुळे चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर मला रात्री दोन वाजता उठवा, उगाच सकाळ उजाडायची वाट बघू नका," असं ते म्हणाले. त्यांना उठवायची वेळ आली नाही. पण 'नवं आहे, रुळेल हळूहळू' हे वाक्य मी त्या दिवसापासून जपून वापरते.

रुळतंय की नाही हे कळण्याचा सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे लीद. आठ ते बारा वेळा दिवसाला, हे ठरलेलं माप. सकाळी उजाडताच मी चहाच्या आधी तिच्या जागेवर जायचे. सुरुवातीची लीद टेम्पोतली, भीतीने पातळ झालेली. त्यानंतरची थोडीच, लहान लहान गोळ्या, कोरड्या, वर चकचकीत शेंबडाचा पापुद्रा. म्हणजे आत माल रेंगाळतोय आणि पाणी कमी पडतंय. त्या दिवशी कोंडा जास्त पाण्यात भिजवून अगदी पातळ करून दिला, चिमूटभर मीठ घालून. मग हळूहळू गोळ्या मोठ्या झाल्या, हिरवट-पिवळ्या, जमिनीवर पडताच फुटणाऱ्या, आणि फोडून बघितलं तर आत चारा बारीक कुटलेला. मी काडीने लीद फोडून बघतेय हे बघून तात्यांच्या घरी माझ्याबद्दल काय बोललं गेलं असेल ते असो.

सोबतीचा प्रश्न सुटला नव्हता. खात होती, पीत होती, तरी संध्याकाळ झाली की खिंकाळणं सुरू व्हायचं आणि कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या. तिने रात्री अंग टाकल्याची खूण कुठे दिसेना, ना अंगाला माती, ना गवत दबलेलं. घोडं उभ्याने डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि आडवं होण्याइतका विश्वास बसल्याशिवाय ते होत नाही. कारभारणीने पहिल्याच फोनमध्ये "यकटी ठिवू नगा" असं बजावलंच होतं. शेवटी कारभारी स्वतः एका एस.टी.ने आले, काखेत एक म्हातारी काळी मेंढी आणि दुसऱ्या हातात पारूच्या पाठीवर ओझ्याखाली घालायची जुनी वाकळ घेऊन. कंडक्टरने मेंढीचं तिकीट फाडलं की नाही ते मी विचारलं नाही. मेंढीचे दात पडलेले, कळपाबरोबर चालवत नव्हतं, म्हणून त्यांनाही ती ठेवायला जागा हवी होती. पारूने वाकळ हुंगली, मग मेंढी हुंगली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, अगदी सावकाश. मेंढीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ तिच्या चाऱ्यात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी पारूच्या एका अंगाला लाल माती लागलेली होती आणि आयाळीत काड्या होत्या.

सोबतीला बकरी, मेंढी, गाढव काहीही चालतं, असं घोडेवाले सांगतात. मला वाटतं 'चालतं' आणि 'पुरतं' यात फरक आहे. मेंढी पहारा देते, पण मेंढी पारूच्या मानेवरची खाज दातांनी खाजवून देऊ शकत नाही. ते काम मी खराऱ्याने करते. खांद्याच्या वरच्या उंचवट्याशी खरारा फिरला की ती वरचा ओठ लांब करून हवेतच खाजवायला लागते.

आणखी एक सांगायचं म्हणजे कुंपणं. आमच्या भागात बांधाला कण्हेर असतेच, फुलं देवाला होतात म्हणून. कण्हेरीची थोडी पानंही घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात. पारू येण्याआधी आम्ही गोठ्याजवळची सगळी कण्हेर मुळासकट काढली, घाणेरीही काढली. एरवी कडवट कण्हेरीच्या वाटेला घोडं जात नाही, पण वाळून चाऱ्यात मिसळलेली पानं त्याला निवडता येत नाहीत. आणि दुसरं, कोंबड्यांचं खाद्य. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबड्यांच्या हगवणीवर. गुरांच्याही काही खुराकांत ते घालतात. कोंबडीला आणि गायीला ते चालतं, घोड्याला मात्र अगदी थोडंही जीवघेणं. म्हणून तात्यांची ती गोळीपेंडीची पाटी मी पहिल्या संध्याकाळी परत पाठवली होती. त्यांना राग आला होता. नंतर पिशवीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हापासून ते पारूसाठी फक्त हरळी कापून आणतात.

आषाढात पाऊस झाला आणि माळ हिरवा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता घोडीची चंगळ. मला पुन्हा धडकी भरली. पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे साखर आणि पाणी. सकाळी पोटभर कोरडा चारा दिल्याशिवाय तिला माळावर सोडलं नाही, आणि सोडलं तेही आधी अर्धा तास, मग तास, असं. ती दाव्याला ओढ देऊन माझ्याकडे ज्या नजरेने बघायची त्यात कृतज्ञता वगैरे काही नव्हतं. खुरावर रोज हात ठेवून बघायचे, गरम लागतोय का. चिखलात खुराच्या मधल्या फटीत घाण अडकून कुजते, तीही रोज काढावी लागते.

आता ती वरच्या टप्प्यापर्यंत दोन पाट्या खत घेऊन जाते, उतरताना रिकामी येते आणि वाटेत तात्यांच्या विहिरीपाशी थांबते. घरी बोअरचं पाणी निमूटपणे पिते, पण विहीर दिसली की पाय रोवतेच. तेवढं चालवून घेतो.

वाड्यात तिची एक सावत्र बहीण आहे, करडी, दोन वर्षांनी लहान. कारभारी ती द्यायला तयार आहेत आणि त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून आमच्या घरी चहाचे कप हवेतच थांबले. सासूबाईंचं म्हणणं, मेंढी आहे ना, पुरे. मला करडी हवी आहे, ते कारभाऱ्यांनी ओळखलंय, म्हणून ते किंमत उतरवत नाहीत. दिवाळीनंतर वाडा कोकणात उतरताना आमच्या माळावर दोन रात्री मेंढरं बसवा, तेव्हा समोरासमोर बोलू, असा निरोप दिलाय. गवताच्या गोण्या या वेळी चार लागतील, आणि रक्त तपासायचा खर्च निम्मा त्यांनी द्यायचा, हेही सांगून ठेवलंय.